चौथा कोपरा

रविवारी फिस्काल आब्दोनने तोच उतारा वाचला:
चौघे जण एका लुळ्या माणसाला खाटेवर घालून आणतात,
दारात ही गर्दी, आत शिरायला फट नाही,
मग ते छपरावर चढतात, छप्पर उसकतात
आणि खाट खाली सोडतात, थेट गुरूच्या पुढ्यात.
"केवढा विश्वास!" आब्दोन चष्मा पुसत म्हणाला.
पाद्री आमच्या बेटावर वर्षातून दोनदा येतो,
बाकीचे रविवार आब्दोनचे, आणि पावसाचे.

मी छपरं शाकारणारा. माझं मन छपरातच अडकलं.
आलेर्सेचं एक लाकडी कौल तासायला किती वेळ लागतो
ते या अंगठ्याला विचारा.
मला पुढची ओळ हवी होती:
दुसऱ्या दिवशी शिडी घेऊन कोण आलं?
भोक कोणी बुजवलं?
त्या घरातल्या बाईच्या पिठात पडलेली माती
कोणी चाळून काढली?
आब्दोनने पान उलटलं.

सेलिंदो सामन माशांच्या पिंजऱ्यांत बुड्या मारायचा.
एकदा फार खोलातून फार घाईने वर आला
आणि कमरेखालचा सेलिंदो पाण्यातच राहिला.
ऑगस्टात त्याला ताप भरला. रात्र. ओहोटी.
होडी अर्धा कोस लांब, मध्ये नुसता चिखल.
आम्ही त्याच्या घराचं दार बिजागरीवरून काढलं
आणि त्याला दारावर घातला.

पुढे बेर्नाबे, ताडमाड, आणि शिंपले वेचणारी ओतिलिया,
मागे तिचा धाकटा एलाद्यो, आणि मी. मी सगळ्यांत बुटका.
चौघांनी खांद्यावर घ्यायचं ते मेल्यावर,
हे आमच्याकडेही ठरलेलंच आहे.
म्हणून सेलिंदो वाटभर शिव्या देत राहिला,
मोठ्याने, मुद्दाम,
कोणाचा गैरसमज होऊ नये म्हणून.

मला वाटत होतं, मी काय जोर लावलाय!
दार जराही कलंडलं नाही.
होडीपाशी उतरवलं तेव्हा कळलं:
बेर्नाबेला सरळ उभं राहता येईना.
अख्खी वाट तो गुडघ्यांत वाकून चालला होता,
माझ्या खांद्याच्या उंचीवर
स्वतःचा खांदा आणून.
बोलला नाही. चिखलात बसला,
आणि गुडघे दोन्ही हातांनी उघडले,
गंजलेली कात्री उघडावी तसे.

दार आम्ही किनाऱ्यावर टेकवून ठेवलं.
सकाळी गाव माझ्या पाठीवर थाप मारत होतं,
मी चिचा पीत होतो, थोडा जास्तच.
दुपारी आठवलं.
धावत गेलो, तर दार जागेवर.
दोन्या फिदेलिया म्हणाली, रात्रभर मी चौकटीत
घोंगडी धरून उभी होते, पाऊस तिरपा होता.
पहाटे बेर्नाबे आला, दार पाठीवर,
खिळे तोंडात.
दुखतंय का विचारलं, तर मान हलवली.
हो की नाही, ते काही कळलं नाही.

रविवारी छपराचा जाब मागणारा मी.
छपरं शाकारणारा मी.
मला सुचलं नाही.

सेलिंदो उठून चालू लागला नाही.
आपली खाट काखेत मारून घरी गेला नाही.
महिन्याने परतला, तेव्हा पुन्हा आम्हीच.
या खेपेला भरती होती, होडी काठाला लागली, पुढे चढण.
चढणीला बुटक्यांनी पुढे, उंचांनी मागे:
एवढं मी आपण होऊन सांगितलं,
आणि आधी पुढचा कोपरा धरला.
बेर्नाबे मागे गेला.
पहिल्यांदाच ताठ चालला, बहुतेक.
मला पाठीमागचं दिसत नव्हतं,
फक्त वजन कळत होतं,
माझ्या वाट्याचं, जेवढ्यास तेवढं.

वर पोचलो. दोन्ही हात गुंतलेले,
ओतिलियाने पायाने दार लोटलं.
ते कुरकुरलं नाही.
बिजागरीला कोणीतरी तेल घातलं होतं.