दहा पाणी

भुसावळच्या माती तपासणीत
मी पिशव्यांवर नंबर टाकत होतो, तेव्हा हुसना तडवी आली.
पदराची गाठ सोडली
आणि टेबलावर ओतलं मूठभर पांढरं पीठ.
"काच व्हती, साहेब. पहाटं पाह्यली तं
बोटाएवढी, सरळ, आरपार.
वरणगावच्या काळीपिवळीत बसली, इथं उतरली, तं हे."
मग मुद्द्यावर आली.
"बकऱ्या चाटतात. चाटलं का
दोन दोन दिवस पातळ. एक करडू गेलं."

वीस वर्षं मी हे आकड्यांतच पाहिलं होतं.
सोडियम, जास्त. सल्फेट, जास्त.
शेरा : चोपण. जिप्सम टाकावे.
पुस्तकात नाव मिराबिलाइट.
कोण्या परदेशी वैद्याला असं काही नवल वाटलं
की त्यानं मिठाचं नावच नवल ठेवलं,
आणि पोट साफ करायला लोकांना पाजलं.
तुझ्या बकऱ्यांनी तेच केलं, म्हटलं, फुकटात.
ती हसली नाही.

गव्हाला पाच पाणी लागतात, मी सांगितलं,
याला दहा.
दहाही धरून आहे तोवर काच.
कोरडी हवा लागली की सोडत जातं,
उरतं ते हे.
"मंग ते पानी पेलं कोनं?"
आमच्या छापील फॉर्मात या प्रश्नाला रकाना नाही.

संक्रांतीच्या अलीकडे गेलो. पूर्णेच्या खारपाणात,
नाला जिथं वाकतो आणि पावसाळ्याचं पाणी
अडून अडून आटत येतं, तिथं.
पलीकडे केळीवाले बागांत धूर करून बसलेले,
सात अंशाला पान करपतं म्हणून.
एकाचं करपणं, एकाचा जन्म, असं काहीतरी
मनात आलं, पण थंडी इतकी होती की विचार पुढे सरकेना.
हुसनानं गोधडी दिली. बकऱ्यांचा वास होता तिला.

तीनपर्यंत नुसता चिखल. टिटवी.
चारला बॅटरी मारली तर काठाकाठानं सुया,
मग सुयांच्या काड्या,
मग एक, बोटाएवढी, सरळ, आरपार.
नखानं ओरखडा उठला.
हातात इतकी हलकी की दगड म्हणवेना.
मोडली तर शिंपल्याच्या पोटासारखी वाकडी तुटली.
जिभेला लावली : आधी गार,
मग खारट, मग कडू, आणि कडूच राहिली
चहा घेईस्तोवर.

साडेआठला ऊन आलं. टोकं आधी धूसर झाली.
हुसना बाभळीचे फेस ओढत होती नाल्याभोवती.

एक काडी मी नाल्याच्याच पाण्यासकट
बाटलीत घालून, बूच मेणानं बंद करून आणली.
होळीच्या आधीच ती गायब.
बत्तीस अंशांवर तिला आगीची गरज पडत नाही,
आपल्याच पाण्यात बुडते.
वैशाखात शेहेचाळीस झाले. पंखा बंद. बाटलीत पाणी.
पुढच्या मार्गशीर्षात काच व्हायला हवी होती,
झाली नाही. निवळ, थंड, हट्टी पाणी.
साहेबांनी फेकायला सांगितली. मी खिडकीत सरकवली.

हुसना आली तेव्हा तिच्या हातात ओलं फडकं होतं,
फडक्यात केळीचं पान,
पानात आज पहाटेची काडी, अजून काच.
कसं आणायचं ते ती शिकली होती.
मी मेण खरवडलं. तिनं कणभर टोक मोडून आत टाकलं.
कणाला सुई फुटली, सुईला सुया,
बाटली काठोकाठ भरून आली
तिचा हात बाजूला व्हायच्या आत.
तिनं बाटली गालाला लावली.
"कोमट झाली व."

हो. घट्ट होताना ते ऊब सोडतं.
हे मला पाठ होतं. गालावर माहीत नव्हतं.

बराच वेळ तिनं बाटली खाली ठेवली नाही.
मग विचारलं,
"त्या करडाचं काही मिळंल का, साहेब?
कागद करून द्या नं एखादा."

मी रजिस्टर उघडलं.
नमुना क्रमांक लिहिला. तारीख लिहिली.
शेऱ्यापाशी पेन थांबलेलं,
आणि ती उभी, बाटली पदराखाली धरून.