रकाना सातवा

दिल्लीहून आलेल्या फॉर्मात अकरा रकाने आहेत.
सहा दुपारीच भरले:
बोटी चार, त्यातली एक पंक्चर,
लाइफ जॅकेटं बावन्न, दोरखंड, जनरेटर,
भोंगा एक. वाजतो,
पण कुठल्या कारखान्याची पाळी सुटली
असं लोक विचारतात.
सातवा कोरा आहे:
"इशारा शेवटच्या माणसापर्यंत कोण पोहोचवतो?
नाव व हुद्दा लिहा."

कलेक्टर कचेरीचा तळमजला, रात्रीचे पावणेदोन.
टेबलावर तीन फोन, तिघांची तीन मापं.
धरणावरचे गांगुर्डे क्युसेकमध्ये बोलतात,
पुलावरचा पोरगा मीटरमध्ये,
महापालिकेचे नाईकवाडी अजून फुटात.
आणि भांडीबाजारातून जो फोन येतो
तो एवढंच विचारतो,
"मारुतीच्या कुठवर आलंय, ताई?"

घोट्याला लागलं की टपऱ्या उचलायच्या,
कमरेला लागलं की पितळ माळ्यावर,
गळ्याशी आलं की कुणी विचारत नाही.
गंगापूरहून पाणी सुटलं
की घाटाला पोचेस्तोवर एक जेवण होतं.
हे कुठल्या शासन निर्णयात नाही,
आणि आजवर फारसं चुकलेलंही नाही.

त्या वर्षी आम्ही सगळ्यांनी सगळ्यांना कळवलं होतं.
जावक क्रमांकासकट.
पाटबंधाऱ्याने महसूलला, महसूलने पोलिसांना,
पोलिसांनी पुन्हा आम्हाला, माहितीस्तव.
रविवारी पाणी सायखेड्यात शिरलं.
मंगळवारी आमचं पत्र शिरलं.
चौकशीत कुणाचीच चूक निघाली नाही.
फायली इतक्या कोरड्या होत्या
की मला त्यांची लाज वाटली.

सायखेड्यात ज्यांना कळलं
त्यांना कलाबाई मोगलांनी कळवलं.
पिठाची गिरणी चालवतात.
चांदोरीचा भाचा फोनवर ओरडला,
त्यांनी पट्टा थांबवला,
पिठाच्या हातांनीच शेजारच्या मशिदीत गेल्या,
शकीलभाईंना म्हणाल्या, कर्णा लावा,
आज अजान नाही, पाणी सांगायचंय.

हुद्दा?
संगणक रिकामी जागा घेत नाही.
"गिरणीवाली" टाकलं, लाल झालं.
"नागरिक" टाकलं, लाल झालं.

उद्या अकराला दिल्लीची बैठक, पडद्यावर.
विषय: समन्वय यंत्रणेचे बळकटीकरण.
बळकट म्हणजे काय ते मला विचारणार नाहीत,
मी आवाज बंद ठेवून बसणारी.
विचारलं तर पिंपळगावच्या शाळेतल्या
आहेरबाई सांगेन. त्या व्याकरण शिकवायच्या:
उभयान्वयी अव्यय, मुलींनो.
त्याला लिंग नाही, वचन नाही, विभक्ती नाही,
खुर्ची नाही (हे त्यांनी नाही, मी घातलं).
त्याने फक्त दोन वाक्यांच्या मध्ये उभं राहायचं.
ते काढलं तर दोन्ही वाक्यं बरोबरच असतात.
फक्त एकमेकांना ओळखत नाहीत.

आमची वाक्यं सगळी बरोबर होती.

म्हणून सातव्या रकान्यात लिहिलं:
नाव, कलाबाई मोगल. हुद्दा, आणि.
लाल झालं.
झालं तर झालं. कागदावर छापून
शाईने लिहून ठेवलं,
सकाळी साहेब खोडतील तर खोडतील.

अडीचला डावीकडचा फोन.
"गांगुर्डे बोलतोय. वाढवतोय विसर्ग,
लिहून घ्या, साडेचार हजार..."
मी पेन खाली ठेवलं.
"गांगुर्डे, क्युसेक मी लिहिते.
पण मारुतीच्या कुठवर, ते सांगा.
आणि सायखेड्याला कधी."

पलीकडे नुसता पाऊस.
मग कुठलासा ड्रॉवर उघडल्याचा आवाज,
कुणाला तरी विचारल्याचा, "अरे, त्या वर्षीची वही..."
मग खाकरून, जरा ओशाळून,
बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच:
"गुडघ्याच्या थोडं वर, मॅडम.
घाटाला एका जेवणात.
सायखेड्याचं... थांबा.
थांबा हं, फोन ठेवू नका."