हजेरीपट

गावाला नाव कुणी दिलं?
कारकुनाने.
विनिपेगच्या कचेरीत शाई टिपत तो
मुळाक्षरांच्या ओळीने स्टेशनं मांडत होता;
एस संपलं, टीची पाळी आली.
टॅन्सली.
हे गवत त्याने जन्मात पाहिलं नाही.

आठ मैलांवर एक नाव, कारण
गव्हाची गाडी ओढून आलेल्या घोड्याला
अंधाराच्या आत घरी परतता यायला हवं.
गाव म्हणजे घोड्याचा दम.
बाकी सगळं नंतर बांधलं.

पहिली शाळा म्हणजे रुळावरून उतरवलेला मालडबा.
१९११चा हिवाळा. एका टोकाला बंब,
दुसऱ्या टोकाला मिस ॲडलेड क्रॉम्बी, वय एकोणीस.
बंबाजवळची मुलं भाजत, दाराजवळची गोठत,
शिक्षण व्हायचं ते मधल्या दोन बाकांवर.
मालगाडी आली की धडा थांबे,
सगळे डबे मोजत.
चोतिरी, म्हणायचा टिमको. फीरे, म्हणायचा हालवर.
लिओपोल्डीन, अगदी हळू, फीअर.
घरची भाषा तोंडातून निसटली
की दंड एक ओंडका, उद्या येताना आणायचा.
त्या वर्षी शाळेत सरपण
एकदाही कमी पडलं नाही.

मग विटांची, दुमजली, १९२७.
घंटा आगगाडीनेच आली, पेंढ्यात गुंडाळून,
आणि तिची दोरी आली माझ्या आजोबांच्या हाती.
वासिल हुमेन्यूक, शाळेचे शिपाई.
त्यांच्याकडे घड्याळ नव्हतं,
आठ-चाळीसची गाडी हेच घड्याळ.
एकदा हिमवादळात ती दोन दिवस अडकली
तर टॅन्सलीत दोन दिवस सकाळ झाली नाही.

दुष्काळात मास्तरांचा पगार:
एक पोतं सलगम, दोन कोंबड्या आणि चिठ्ठी,
‘बाकी पुढच्या पिकाला.’
पुढचं पीक नऊ वर्षांनी आलं.

एक गोष्ट हजेरीपटात नाही.
दर सप्टेंबरात एक गाडी थांबायची
जिच्यात मुलं आधीच बसलेली असत,
नदीकाठच्या क्री वस्त्यांमधली,
लांब वेण्यांची. ती इथं उतरत नसत.
माझे वडील तेव्हा आठ वर्षांचे.
त्यांनी फलाटावरून हात हलवला,
काचेआडून एका मुलीने हलवला.
कुठं नेतात यांना?
शाळेत, स्टेशनमास्तर म्हणाले.
पण शाळा तर ही इथं आहे,
वडिलांनी बोट दाखवलं,
आणि नेमकी तेव्हाच
आजोबांनी दोरी ओढली.

हे त्यांनी मला एकदाच सांगितलं,
ट्रॅक्टरखाली आडवे पडून, पाना मागता मागता.

१९७१. आम्ही नऊ जण, आठ इयत्ता.
त्या उन्हाळ्यात पिवळी बस ठरली,
पस्तीस मैलांवरच्या शाळेत
आम्हाला वर्गात शोधावं लागे.
कोण आधी गेलं, शाळा की गाडी,
यावर कॅफेत वाद व्हायचा;
मग मिस्टर माह यांनी कॅफेही बंद केलं
आणि वाद तसाच राहिला.
रूळ उपटले ते शेवटी, लिलावात,
स्लीपर फुलझाडांच्या कडेला लावायला गेले.
विटांच्या इमारतीत आता कुणाचं तरी बियाणं आहे.

हजेरीपट माझ्याकडे आहे. चारशे बारा नावं,
शेवटच्या पानावर तिसरं माझं,
नादिया, स्पेलिंग चुकलेलं.
मी त्याखाली एक ओळ आखली
आणि पेन्सिल धरून बसून राहिले.
नाव माहीत नाही.
हजर लिहावं, की गैरहजर?

रुळांची जागा अजून कळते.
ऑगस्टात विमानातून बघा,
पिवळ्या शेतातून एक हिरवा पट्टा सरळ जातो;
तिथला गहू
आठवडाभर उशिरा पिकतो.