दिवा धरणारा

योर्लेनी कुजक्या खोडावर ओणवी.
मी तिचा मामा. माझं काम दिवा धरायचं.

पहिल्या दिवशी नुसताच फ्लॅश मारला.
मुंगीच्या पोटावर पांढरा डाग, भाजल्यासारखा,
बाकी सगळा कोळसा.
मुंगीला मुताचा पूर म्हणतात,
मग हा लखलखाट केवढा!

आता फ्लॅशपुढे चिप्सचा डबा, बूड कापलेला,
तोंडाला केक भाजायचा कागद, दुहेरी,
रबरबँडने आवळलेला.
"अजून जवळ, मामा. टेकव जवळजवळ.
तिला ते आभाळ वाटलं पाहिजे."
दिवा जवळ तितका मऊ, म्हणते.
मला वाटायचं, लांब सारला की निवतो.
सारापिकीच्या शेडमध्ये तीस वर्षं केळी धुतली,
तिथल्या ट्यूब पार छताला होत्या
आणि डोळ्यांत खुपायच्या.

भर दुपार, तरी फोटोत मागे मिट्ट काळोख.
फ्लॅशपुढे सूर्याची मात्रा चालत नाही.
मग ती मागे हेलिकोनियाचं पान खोचते
आणि दुसरा बारका दिवा, पानाकडे तोंड करून.
दिवस परत येतो.

मारिएलोसचा माझ्याकडे एकच फोटो.
लग्नातला. कपाळ जळून पांढरं, डोळे लाल.
फोटोवाला दोन हातांवर उभा होता,
मध्ये कुणी कागद धरला नाही.
ती तशी नव्हती.
वरच्या ओठावर तिच्या लव होती,
सकाळी चुलीशी,
पिठाच्या पोत्याच्या पडद्यातून ऊन आलं
की दिसायची. एरवी नाही.

मुंगी मधाच्या थेंबाशी थांबते.
मी श्वास धरतो, योर्लेनीही.
खट्.

"बघ."
काळी नाहीच ही.
पोटभर सोनेरी लव, नुकती विंचरल्यासारखी,
मांडीच्या सांध्यात लालसर झाक,
पाठीवर मातीचा एक कण, तोही गोल.
मी खूप वेळ बघतो.
योर्लेनीला वाटतं, चष्मा विसरलो.

डोळ्यात मुंगीच्या पांढरी चकती: तो आमचा कागद.
चकतीच्या काठाला तीन काळे ठिपके.
"तुझी बोटं आलीत, मामा. खोडू?"

मुंगी निघालीय
मिशा पुसत, खोडाच्या कडेकडेने.
मला डबा तिच्या मागे न्यायचाय
हात न हलवता.