तोंडापर्यंतच

भाचा स्विंडनहून आला.
त्याच्या बॅगेत, चॉकलेटांच्या खाली,
माझ्यासाठी एक पांढरी नळी.
"मामा, ही ओढायची. धूर नाही, राख नाही.
कांडी आत बसवायची, टक् आवाज येईतो.
पण छातीत घ्यायचं नाही हं.
तोंडापर्यंतच."

एकतीस वर्षं मी बार्जवर काढली.
सारमानसच्या धक्क्यावर खनिज भरायचं,
मुरगावला उभ्या जहाजाच्या पोटात रिकामं करायचं.
मला हा पोरगा ओढायला शिकवणार?
खाली इंजिनाशी इनास, वर सुकाणूवर मी,
दोघांत एक माचिस,
शिडीवरून दिवसातून वीस वेळा वरखाली.
खाण बंद पडली, बार्ज बांधून ठेवली,
माचिस माझ्याकडे राहिली.

पहिल्या दिवशी ओढली सवयीनं, खोल.
घशात मिरची, डोळ्यांत पाणी,
आणि उचक्या सुरू.
प्रेमावती म्हणाली, "कोण एवढी आठवण काढतंय?"
मी म्हटलं, "सिगारेट."

मग हळूहळू उमगलं.
आमच्या खाजनाच्या बांधाला मानस आहे,
लाकडी दारं, चिखलानं काळी पडलेली.
भरतीचं पाणी स्वतःच रेटून ती बंद करतं,
सुकतीला आतलं पाणी ढकलून उघडतं.
बाप म्हणायचा, खाडी दाराशी येऊ दे,
शेजारीणच ती,
भातात मात्र पाय नको.
तसंच हे.
पुदिन्याचा गारवा गालांत फिरवायचा,
थोडा वेळ जिभेपाशी बसवायचा,
हालहवाल विचारायची,
आणि आतलं दार लावून घ्यायचं.

भरतीचं वेळापत्रक मला पाठ.
रोज पाऊण-एक तास उशिरा, चंद्र सांगेल तशी.
तलफेला चंद्र नाही.
ती पोदेराचा भोंपू ऐकते,
चहाचा कप अर्धा होण्याची वाट बघते,
आणि फेरीबोटीची फळी वर उचलली
की पलीकडचा काठ येईपर्यंत
बाजूला उभी राहते, खेटून.

आणखी एक गोष्ट,
जी भाच्यानं दिलेल्या कागदावर छापलेली नव्हती.
काल तिन्हीसांजेला घरात शिरलो
तर प्रेमावती दचकली.
हातातलं सूप कलंडलं, तांदूळ जमिनीभर.
"अहो, खाकरायचं तरी!"
इतकी वर्षं माझ्या आधी माझा वास घरी पोचायचा,
पोरसातून, माडांच्या आळ्यांवरून,
आणि ती चहाचं आधण ठेवायची.
आता मी एकटाच येतो.
दोघं मिळून तांदूळ वेचले.
तिनं मध्येच माझ्या सदऱ्याला नाक लावलं,
काही बोलली नाही.

रविवारी धक्क्यावर इनास, गळ टाकून.
कानामागची काढून त्यानं ओठांत धरली
आणि माझ्याकडे न बघताच हात पुढे केला.
मी खिसा चाचपला.
माचिस अजून असते, देवाच्या दिव्यासाठी,
असं घरी सांगतो.
वाऱ्याकडे पाठ करून, ओंजळीत,
पेटवून दिली त्याला.
मग माझी नळी काढली.

"ही कसली रे शिटी?" तो म्हणाला, "वाजव बघू."
ओढली. काही वाजलं नाही.
त्याचा धूर माझ्या बाजूला वळला,
मी सरकलो नाही. खोटं कशाला बोलू,
थोडा वाकलोसुद्धा.
सहा कांड्यांवरून तीनवर आलोय,
हे त्याला सांगायचं होतं, राहून गेलं.

समोर आमची बार्ज, पाण्याच्या रेषेपर्यंत गंजलेली.
धुराड्यात एका कावळ्यानं काड्या आणून ठेवल्यात.

"लागलं काही गळाला?" मी विचारलं.
इनासनं दोरी बोटावर तोलून पाहिली.
"तोंडापर्यंत घेतात," म्हणाला,
"गिळत नाहीत."