पीडी ३२७

विल्मा बुकनच्या दुकानात पोचलो
तेव्हा नऊ वाजले होते, आणि बंदरावर
आत्ता कुठे फटफटत होतं. डिसेंबरात पीटरहेड असंच.
"फिट लाइक?" ती म्हणाली. म्हणजे, कसं काय.
हे कळायला माझं पहिलं वर्ष गेलं होतं.
"बरंय," मी म्हणालो.
"माझं नाही," म्हणाली, आणि खिडकीखाली बोट दाखवलं.

तिथे तो प्लॉटर. सव्वीस वर्षांचा,
जुन्या कंगव्यासारखा पिवळट,
झाकणावर चहाच्या कपांची वर्तुळं, एकात एक.
व्हिनाइलच्या रोलमधून अक्षरं कापतो.
बंदरातल्या निम्म्या बोटींच्या नाळेवर
याच्याच हातचे नंबर आहेत,
खाऱ्या वाऱ्यात, बर्फात, न सुटलेले.

काल रात्री कॉम्प्युटरने स्वतःला नवं करून घेतलं.
न विचारता नव्हे. अकरा वेळा विचारलं होतं,
अकरा वेळा विल्माने 'नंतर' दाबलं होतं.
बाराव्यांदा विचारलं नाही.
आणि आज सकाळी पडद्यावर: अनोळखी डिव्हाइस.

अनोळखी!
इतकी वर्षं एका टेबलावर नांदून.

केबल काढली, फुंकली, लावली.
मग प्लॉटरचं बटण दाबून धरलं,
त्याने आपलं आपण एक चौकोन कापला,
चौकोनात गोल. सुईच्या टोकाइतकीही चूक नाही.
पातं तेज. मोटर शाबूत.
कंपनीच्या यादीत मात्र त्याचं नाव नाही,
खरं तर कंपनीच नाही. तिला दुसरीने घेतलं,
दुसरीला तिसरीने,
आणि तिसरी आता कॉफीची यंत्रं विकते.

"ड्रायव्हर गेलाय," मी म्हणालो.
"कुठे?"
आता हिला कसं सांगायचं?
म्हटलं, आमच्या गावची शेवटची एसटी
शांताराम घाडी चालवायचा.
तो तापाने पडला की गाडी ठणठणीत,
टाकीत डिझेल, माणसं बसलेली, कोंबड्या बसलेल्या,
कंडक्टरने तिकिटंसुद्धा फाडलेली,
आणि एसटी वडाखाली उभी.

विल्माने चष्मा पुसला.
"मग शांतारामला बोलव की," म्हणाली.
"सँडी भरतीला निघायचाय. नंबराशिवाय सोडणार नाहीत त्याला."

शांताराम मागच्या खोलीत सापडला,
आमिषाच्या फ्रीजरवर, ताडपत्रीखाली:
डगीचा लॅपटॉप. डगी जाऊन सहा वर्षं झाली.
मागे नऊ टाचण्यांचं ते पोर्ट, जे आता कुणी बनवत नाही.
बॅटरी मेलेली, वायर ओढली की जीव जातो.
पासवर्ड विल्माने न बघता मारला.
मी तोवर फ्रीजरवरचं लेबल वाचत होतो.

वायफायचं कार्ड उपसून काढलं,
जाळ्याच्या भोकाला बूच मारलं,
वर पट्टी चिकटवली: याला नेट दाखवू नये.
आमच्याकडे दुखणाईत माणसासमोर
काही बातम्या काढत नाहीत, तसं.

मग प्लॉटर करकरला.
पी. डी. तीन. दोन. सात.
विल्मा चिमट्याने अक्षरांभोवतीचा कचरा सोलत राहिली,
ओठ आत घेऊन, न बोलता.
"किती दिवस चालेल?" तिने एकदाच विचारलं.
"हा चालेल तितके."
"म्हणजे माझ्याइतके," म्हणाली,
आणि कात्री शोधायला लागली, जी तिच्या हातातच होती.

पैसे दिले, वर कागदात गुंडाळलेला धुरी दिलेला हॅडॉक.
"निम्मा शांतारामला."
मी हो म्हटलं. तो जाऊन वीस वर्षं झाली
हे सांगायचं राहिलं.

धक्क्यावरून परतताना बोट दिसली,
सँडी शिडीवर, नंबर चिकटवून उतरत होता.
सातचा पाय जरासा वाकडा.
ते प्लॉटरचं नव्हे.
त्याने हातमोजे काढले नव्हते.