साडेसहा अंश

आत एक वाटी आहे.
स्फटिकाची, लिंबाएवढी,
वरणाची नव्हे, असं मी सत्तारचाचांना सांगितलं
आणि ते हसले नाहीत.

हम्रियाच्या बंदरामागे आमची खोली.
बाहेर ऑगस्ट, पत्र्याला हात लावता येत नाही.
आत बावीस अंशांवर थांबवलेली हवा,
जमिनीत खोल पुरलेल्या खांबावर काळा दगड,
दगडावर कुठल्याशा जहाजाच्या होकायंत्राचा डबा,
डब्यात ती.

तिला सतत थरथरत ठेवावं लागतं.
काठ उभा लांबट होतो, गोल होतो, आडवा लांबट होतो,
सेकंदाला हजारो वेळा,
आणि इतका जरासा, की केसाची जाडीही त्यापुढे फार.
निर्वातात आहे, म्हणून नाद नाही.
काठावरच्या चार जागा मात्र स्वस्थ असतात.
थरथर त्यांना वळसा घालून जाते.

डबा फिरवला की वाटी फिरते,
थरथर पूर्ण फिरत नाही.
नव्वद अंश फिरवा, त्या चार जागा
सत्तावीस अंश मागे राहतात,
घरून हाक आली तरी
आणखी एक डाव खेळणाऱ्या पोरांसारख्या.
ते मागे राहणं मोजायचं.
एवढंच यंत्र.

सत्तारचाचा तीस वर्षं गलबतावर होते,
आता आमच्याकडे खोकी उचलतात, चहा करतात.
म्हणाले, धुक्यात आम्ही कंदील बघायचो.
नाळेकडून सुकाणूकडे झुलणारा,
बघता बघता तिरका झुलायला लागायचा.
कंदील कशाला तिरका होतोय?
बोट फिरलेली असायची,
तांडेलाला डुलकी.

तेच, मी म्हटलं. अगदी तेच.

मग आकडे.
दगड हलत नाही, कुणी शिवत नाही,
तरी पडद्यावर येतं: वळतेय.
तासाला सात अंश आणि वर काही.
त्यातून उष्णतेचं वजा केलं,
घडवताना काठ कुठे कणभर जाड राहिला, त्याचंही.
साडेसहा उरले.
ते कशातच बसवता येत नाहीत.
ती पृथ्वी, चाचा.
या अक्षांशावर एवढी लागते.

आणि हर्णैला?

कागदाच्या पाठीवर हिशेब केला.
साडेचार. किंचित वर.
उत्तरेकडे जावं तसे वाढतात.

त्यांनी खोका खाली ठेवला.
साडेचार, म्हणाले.
तरीच.

मी पुढचा रकाना भरायला घेतला.
चहात साखर जास्त पडली होती,
आणि कप दगडावर ठेवू नका
हे सांगायचं मी विसरले.
पडद्यावर एक बारीक काटा उमटला,
चमचा वाजला तेवढ्यापुरता.